पाण्यात विरघळणारे कायटोसन : बाटलीवरचा दावा आणि आपल्या विहिरीचे पाणी

जैवउत्तेजकांच्या (बायोस्टिम्युलंट) तात्पुरत्या नोंदणीची शेवटची मुदत १६ जून २०२५ रोजी संपली. त्यानंतरच्या महिन्यात केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी काही आकडे जाहीर केले. अनेक वर्षे देशात सुमारे ३० हजार जैवउत्तेजके विनातपासणी विकली जात होती. मागील चार वर्षांत सुमारे ८ हजार उत्पादने बाजारात राहिली. नियम कडक केल्यावर ती साधारण ६५० वर आली.

निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदारासाठी ही लांबची बातमी नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा आणि भुरीच्या फवारण्या सुरू झाल्या की दुकानात 'कायटोसन', 'नॅनो कायटोसन', 'वॉटर सोल्युबल कायटोसन' अशा नावांच्या बाटल्या आणि पुड्या पुढे येतात. काहींवर आता 'रेशीम-किड्यापासून' असेही लिहिलेले असते. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. खरड छाटणीनंतरच्या काडीला ऊन कमी मिळाले आणि रोगांचे दडपण वाढले. अशा वर्षी अवशेषमुक्त उपायाकडे ओढ असणारच. पण 'पाण्यात विरघळणारे' या दोन शब्दांमागे एक रासायनिक अभिक्रिया असते. ती नीट झाली की नाही, हे बाटलीच्या रंगावरून कळत नाही. ती अभिक्रिया कशी चालते, कुठे बिघडते आणि बिघडली तर तुमच्या टाकीत काय दिसते, हे या लेखात पाहू.

नियम काय सांगतो?

खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये २३ फेब्रुवारी २०२१ रोजी दुरुस्ती झाली आणि जैवउत्तेजके प्रथमच कायद्याच्या चौकटीत आली. त्यातील तीन गोष्टी लक्षात ठेवा.

• जैवउत्तेजक म्हणजे पिकाची वाढ, अन्नद्रव्यांचे शोषण, गुणवत्ता किंवा ताण सहन करण्याची क्षमता वाढवणारा पदार्थ. कीटकनाशक कायदा १९६८ खालील कीडनाशके आणि संजीवके यात येत नाहीत. म्हणजे 'केवडा थांबवतो', 'भुरी मारतो' असा दावा करणारी बाटली जैवउत्तेजक म्हणून विकता येत नाही.

• जैवउत्तेजकात कीडनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. निर्यातदार बागायतदारासाठी हे कलम फार महत्त्वाचे आहे. 'जैविक' बाटलीमुळे भुरी एका फवारणीत साफ झाली, तर आनंद मानण्याआधी शंका घ्या.

• मान्यता देताना उत्पादनाचे घटक, पीक आणि मात्रा अधिसूचनेत नमूद होते. टोमॅटोसाठी मान्य असलेले उत्पादन द्राक्षासाठी आपोआप मान्य होत नाही.

दुसरी घडामोड ३० सप्टेंबर २०२५ ची. कृषी मंत्रालयाने प्राणिजन्य स्रोतांपासून बनवलेल्या ११ जैवउत्तेजकांची मान्यता मागे घेतली. कोंबडीची पिसे, जनावरांची कातडी, माशांचे खवले अशा स्रोतांची ती प्रथिन-उत्पादने होती आणि त्यांच्या पिकांत द्राक्षही होते. धार्मिक आणि आहारविषयक आक्षेप हे त्यामागचे कारण. ती उत्पादने कायटोसनची नव्हती. पण कोळंबीचे कवच असो की रेशीम-किड्याचा प्युपा, स्रोत प्राणिजन्यच. त्यामुळे 'कशापासून बनवले?' हा प्रश्न आता लेबलवर महत्त्वाचा झाला आहे. बुरशीपासून मिळणारे कायटोसनही असते, हे येथे नोंदवून ठेवा.

कायटोसन आपल्या पाण्यात का फाटते?

कोळंबी-खेकड्याचे कवच, किड्यांची कात आणि बुरशीच्या पेशींची भिंत यांत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. १८११ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला तो अळिंब्यांत सापडला. १८५९ मध्ये रूजे यांनी तो तीव्र अल्कलीत उकळला आणि आम्लात विरघळणारा नवा पदार्थ मिळाला. तेच कायटोसन. कायटिनच्या साखळीवरील ॲसिटाइल गट अल्कलीने काढले की खाली अमाइन गट मोकळा होतो. आम्लात हा गट धनभारित होतो, साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि पदार्थ विरघळतो.

अडचण इथेच आहे. पाण्याचा सामू सुमारे साडेसहाच्या वर गेला की हा धनभार जातो. साखळ्या पुन्हा एकत्र येतात आणि तंतू किंवा गोळे होऊन खाली बसतात. निफाडच्या काळ्या जमिनीतील विहिरी-बोअरचे पाणी सहसा अल्कधर्मी असते.

एक हिशेब करू. समजा तुमच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे. म्हणजे साधारण ५ मिलिमोल. तुम्ही लिटरला २ मिलि द्रवरूप कायटोसन टाकता आणि त्यात २ टक्के ॲसेटिक आम्ल आहे. म्हणजे ४० मिलिग्रॅम, साधारण ०.७ मिलिमोल आम्ल. पाण्यातील बायकार्बोनेट बाटलीतील आम्लाच्या सातपट झाले. बाटलीत स्वच्छ असलेले द्रावण टाकीत गेल्यावर धुरकट होते आणि जाळी व नोझलमध्ये जेली अडकते, त्याचे कारण हे. दोष मालाचा असेलच असे नाही. तो माल त्या पाण्यासाठी बनलेला नव्हता.

'पाण्यात विरघळणारे' या एका नावाखाली तीन वस्तू

१. कायटोसनचे क्षार. कायटोसन लॅक्टेट, ॲसिटेट, हायड्रोक्लोराइड. ही पावडर साध्या पाण्यात विरघळते, कारण आम्ल तिच्यातच बांधलेले असते. पण बायकार्बोनेटयुक्त पाण्यात हीही फाटू शकते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये कायटोसन हायड्रोक्लोराइडला पीक संरक्षणासाठी 'मूलभूत पदार्थ' म्हणून मान्यता दिली.

२. लहान तुकडे, म्हणजे ऑलिगो-कायटोसन. एन्झाइम किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने लांब साखळी तोडतात. पुरेसे लहान तुकडे उदासीन पाण्यातही विरघळतात. युरोपात २०१५ मध्ये पहिला 'कमी जोखमीचा' सक्रिय घटक म्हणून मान्य झालेला पदार्थ याच जातीचा होता. त्यात कायटोसनचे आणि पेक्टिनचे लहान तुकडे एकत्र असतात आणि द्राक्षातील भुरी हा त्याचा एक उपयोग आहे.

३. साधित कायटोसन, मुख्यतः कार्बोक्सिमिथाइल कायटोसन. यात साखळीवर नवा ऋणभारित गट रासायनिक बंधाने जोडतात. त्यामुळे ते उदासीन आणि अल्कधर्मी पाण्यातही विरघळते. आपल्या पाण्याला कागदावर हेच सर्वांत योग्य वाटते. पण तिन्हींपैकी सर्वांत जास्त रसायनशास्त्र यात आहे आणि चुकायला जागाही यातच जास्त आहे.

अभिक्रियेचे वेळापत्रक

कार्बोक्सिमिथाइल कायटोसन बनवताना कायटोसनची पावडर प्रथम सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये फुगवतात. मग बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या माध्यमात मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल टाकतात आणि ५० ते ६० अंश तापमानाला काही तास ढवळतात. शेवटी मिश्रण उदासीन करून पाणीमिश्रित अल्कोहोलने धुतात. कृती वाचायला सोपी आहे. कठीण भाग वेळ, तापमान आणि मात्रा यांचा मेळ बसवणे हा आहे. रसायनशास्त्रात याला अभिक्रियेच्या दराचा अभ्यास म्हणतात. त्यातील चार गोष्टी शेतकऱ्याच्या कामाच्या आहेत.

पहिली : अभिक्रिया आधी पळते, मग रेंगाळते. पावडरच्या कणात काही भाग सैल आणि काही घट्ट रचलेला असतो. सैल भागात अल्कली लगेच शिरते, घट्ट भागात हळूहळू. हरभरा भिजत घातला की वरचा थर लवकर मऊ होतो आणि आतला गाभा रात्रभर घेतो, तसेच हे. फुगवण्याचा वेळ वाचवला किंवा कण जाड ठेवले, तर काही साखळ्यांवर भरपूर नवे गट बसतात आणि काही कोऱ्या राहतात. सरासरी आकडा चांगला दिसतो, पण कोऱ्या साखळ्या तुमच्या टाकीत गढूळपणा आणतात.

दुसरी : एका घटकावर दोघांचा डोळा असतो. मोनोक्लोरोॲसेटेट कायटोसनशी जोडले जायला हवे. पण त्याच भांड्यातील अल्कलीही त्याच्याशी अभिक्रिया करते आणि त्यापासून सोडियम ग्लायकोलेट हा निरुपयोगी पदार्थ तयार होतो. अल्कली कमी असेल तर कायटोसन फुगत नाही. जास्त असेल तर महागडा घटक वाया जातो. म्हणून चांगला उत्पादक तो घटक एकदम न ओतता टप्प्याटप्प्याने घालतो.

तिसरी : तापमान वाढवले की वेग वाढतो, पण सगळ्याच अभिक्रियांचा. ढोबळ नियम असा, की १० अंश वाढले की वेग साधारण दुप्पट होतो. ६० अंशांना ४ तासांत होणारे काम ४० अंशांना करायचे तर १६ तास लागतील. उलट घाईने तापमान फार वर नेले, तर नको असलेली अभिक्रियाही वेगाने होते आणि कायटोसनची साखळी तुटू लागते. माल तपकिरी पडतो, घट्टपणा जातो.

चौथी : शेवटचा टप्पा सर्वांत आळशी असतो. उरलेला थोडासा घटक संपायला वेळ लागतो. तेव्हाच घाईत बॅच उतरवली आणि नीट धुतली नाही, तर न संपलेले मोनोक्लोरोॲसेटेट मालात राहते. हे साधे मीठ नव्हे. सोडियम मोनोक्लोरोॲसेटेट एकेकाळी ब्रिटनमध्ये कांदा आणि कोबीवर्गीय पिकांत तण जाळण्यासाठी स्पर्शजन्य तणनाशक म्हणून वापरले जात असे. कांद्याच्या आणि कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, म्हणून ती पिके वाचत. द्राक्षाच्या कोवळ्या पानाला तसे संरक्षण नाही.

पुडीत माल किती, मीठ किती?

आता वजनाचा हिशेब पाहा. कायटोसनचे एक एकक १६१ ग्रॅम धरा. त्याला दोन मोल मोनोक्लोरोॲसेटेट दिले. एक मोल साखळीवर बसले आणि दुसरे अल्कलीने खाल्ले. हाती येते ते असे :

• कार्बोक्सिमिथाइल कायटोसन : २४१ ग्रॅम
• मीठ (सोडियम क्लोराइड) : ११७ ग्रॅम
• सोडियम ग्लायकोलेट : ९८ ग्रॅम

एकूण ४५६ ग्रॅम. म्हणजे न धुतलेल्या पावडरमध्ये खरा माल फक्त ५३ टक्के. उरलेला जवळपास निम्मा भाग मीठ आणि टाकाऊ पदार्थ. अभिक्रियेत कसलीही चूक न होताही ही स्थिती असते. फक्त धुण्याचा खर्च वाचवला की झाले.

एक फवारणी करून या मिठाने बाग जळेल असे समजू नका. पानावर पडणारी मात्रा लहान असते. पण तुम्ही कायटोसनच्या भावात मीठ विकत घेत असता. तीच पावडर हंगामभर ठिबकमधून दिली, तर ज्या बागेच्या पाण्यात आधीच सोडियम-क्लोराइड जास्त आहे, तिथे ती भर नको असते. डॉगरिजसारखा खुंट क्षार सोसतो, पण पानांच्या कडा करपलेल्या बागेत आणखी सोडियम घालण्यात शहाणपण नाही.

विरघळते म्हणजे काम करते असे नाही

कायटोसन दोन मार्गांनी उपयोगी पडते. एक, त्याचा धनभार बुरशीच्या पेशीच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतो. दोन, वेलीला ते शत्रूच्या अंगाचा तुकडा वाटते. पेशीवरील ग्राहक कायटिनसारखे तुकडे ओळखतात आणि वेल आपली संरक्षण यंत्रणा सुरू करते. कायटिनेज एन्झाइम, रेझव्हेराट्रॉलसारखी संरक्षक द्रव्ये ही त्याचीच उदाहरणे.

आता केवड्याचे पाहा. केवड्याचा रोगकारक खऱ्या बुरशीत मोडत नाही. त्याच्या पेशीभिंतीत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतात. भुरीच्या बुरशीत मात्र कायटिन असते. त्यामुळे केवड्यावर मिळणारा फायदा बराचसा वेलीच्या स्वतःच्या प्रतिकारातून येतो. तो प्रतिकार उभा राहायला वेळ लागतो. पानाखाली पांढरी वाढ दिसल्यावर मारलेले कायटोसन रोग बरा करत नाही. ते प्रतिबंधात्मक आहे.

इथे एक तोल आहे. नवा गट जर अमाइनवरच बसला, तर विद्राव्यता वाढते, पण ज्या धनभारावर काम अवलंबून आहे तो कमी होतो. साखळी फार तोडली, तर तीच गोष्ट दुसऱ्या टोकाने घडते. अगदी लहान तुकडे विरघळतात, पण वेलीची यंत्रणा जागी करायला पुरेसे लांब राहत नाहीत. म्हणून '१०० टक्के विद्राव्य' ही स्वतंत्र गुणवत्ता नव्हे. विद्राव्यतेसोबत अमाइन किती शिल्लक आहे आणि साखळी किती लांब आहे, हे विचारायला हवे.

रेशीम-किड्याचे कायटोसन : किती खरे, किती लांब?

रेशीम-किड्यापासून कायटोसन काढता येते, यात शंका नाही. उझबेकिस्तानात ताश्कंदच्या पॉलिमर रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र संस्थेने तुतीच्या रेशीम-किड्याच्या प्युपापासून कायटोसन आणि त्याची साधिते बनवण्यावर दीर्घकाळ काम केले आहे. तिथे समुद्र नाही, कोळंबीचे कवच नाही, पण रेशीम भरपूर आहे. रेशीम उत्पादनात चीननंतर भारताचा क्रमांक लागतो, म्हणून आपल्यालाही हा विचार लागू होतो.

तांत्रिक फायदाही आहे. खेकड्याच्या कवचात चुना भरपूर असतो, तो आम्लाने काढावा लागतो. प्युपाच्या कातडीत खनिज कमी, त्यामुळे हा टप्पा हलका होतो. पण प्युपात तेल आणि प्रथिने भरपूर असतात आणि ती आधी काढावी लागतात. त्यानंतर ४० ते ५० टक्के तीव्र अल्कलीत, १०० अंशांच्या आसपास ॲसिटाइल गट काढायचे. इथेही तेच वेळापत्रक : आधी झपाट्याने, मग रेंगाळत. शेवटचे काही टक्के काढण्यासाठी तासन्‌तास उकळत ठेवले तर साखळी तुटते. म्हणून एकाच लांब उकळीपेक्षा मधे धुऊन दोन छोट्या उकळ्या देणे बरे मानतात.

आता शेतकऱ्याचा हिशेब. १०० किलो ओल्या कोषांत साधारण ८० किलो वजन प्युपाचे. वाळल्यावर उरतात सुमारे २० किलो. कोरड्या प्युपात कायटिन साधारण ३ ते ५ टक्के, म्हणजे ०.६ ते १ किलो. ॲसिटाइल गट गेल्यावर वजन आणखी घटते आणि कायटोसन मिळते फार तर ०.५ ते ०.८ किलो. एक क्विंटल कोषांमागे एक किलोही नाही. त्याच प्युपातून सुमारे एक चतुर्थांश तेल आणि निम्म्याच्या आसपास प्रथिने मिळतात. म्हणजे पैसा आधी तेलात आणि कोंबडी-मासळीच्या खाद्यात आहे. कायटोसन हा त्यामागून येणारा तिसरा माल.

आणखी एक गोष्ट. तुती लावणारा शेतकरी कोष विकतो, प्युपा त्याच्याकडे राहत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे. पण पूर्वीपासून बराच माल कर्नाटकात रामनगरला जात आला आहे. प्युपा मिळतो धागा काढणाऱ्याकडे आणि तो लवकर सडतो, त्याच दिवशी वाळवावा लागतो. निफाडच्या शेजारच्या येवल्यात पैठणीचे माग आहेत, पण तिथे येतो तो तयार धागा, प्युपा नव्हे. त्यामुळे 'तुती लावा, कायटोसन बनवा' असा प्रस्ताव कोणी घेऊन आले, तर आधी विचारा : धागा कुठे काढणार, रोज किती प्युपा मिळणार, आणि तीव्र अल्कलीचे सांडपाणी कुठे जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरे असतील तरच पुढे बोला.

द्राक्षाला फवारण्यासाठी विकत घेताना मात्र स्रोताच्या नावाला जास्त पैसे देण्याचे कारण नाही. वेलीला रेशीम की कोळंबी हे कळत नाही. साखळीची लांबी, अमाइनचे प्रमाण आणि मालाची शुद्धता तिला कळते.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला हे विचारा

• प्रकार कोणता : क्षार, ऑलिगो की कार्बोक्सिमिथाइल?
• खत नियंत्रण आदेशाच्या अनुसूची ६ खाली मान्यता आहे का? त्यात द्राक्षाचे नाव आहे का?
• या बॅचचा तपासणी अहवाल : डीॲसिटिलेशन टक्केवारी, रेणुभार किंवा घट्टपणा, प्रतिस्थापनाचे प्रमाण, क्लोराइड, उरलेले मोनोक्लोरोॲसेटेट.
• कीडनाशक अवशेषांचा अहवाल आहे का?
• पक्के बिल, बॅच क्रमांकासह.

युरियासोबत जबरदस्तीने जैवउत्तेजक गळ्यात मारणे, म्हणजे लिंकिंग, चालत नाही. केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये राज्यांना याबाबत पत्रही लिहिले. असे घडले तर तालुका कृषी अधिकारी किंवा गुण नियंत्रण निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या.

घरच्या घरी बाटली चाचणी

१. तीन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत तुमच्या विहिरीचे, दुसरीत सामू ५.५ ते ६ वर आणलेले, तिसरीत आरओचे पाणी. प्रत्येकी १ लिटर.

२. लेबलवरील मात्रेइतके कायटोसन ढवळत, भुरभुरत टाका. पिठल्यात बेसन टाकतो तसे. एकदम ओतले की गाठी होतात. निफाडच्या थंडीत, जिथे कुंदेवाडीला पारा ५ अंशांखाली उतरतो, पहाटेच्या पाण्यात विरघळायला जास्त वेळ लागतो. दुपारी चाचणी करा.

३. अर्ध्या तासाने आणि मग दोन तासांनी पाहा. फडक्यातून गाळा. तंतू, जेली किंवा तळाला साका दिसतो का?

निष्कर्ष असा काढा :

• आरओत स्वच्छ, विहिरीच्या पाण्यात फाटले : माल क्षार स्वरूपाचा आहे. पाण्याचा सामू आधी खाली आणूनच वापरा.
• विहिरीच्या पाण्यात स्वच्छ, पण आम्लयुक्त पाण्यात फाटले : हा कार्बोक्सिमिथाइल प्रकार असू शकतो. काही नमुने सौम्य आम्ल पट्ट्यात फाटतात. म्हणजे जीएसाठी सामू उतरवलेल्या टाकीत हे टाकू नका.
• तिन्हीत गढूळ : अभिक्रिया असमान झाली असावी किंवा माल जुना आहे. परत करा.

४. आता त्याच बाटलीत सोबत फवारायचे औषध लेबलच्या मात्रेने टाकून पाहा. बोर्डो मिश्रण चुन्यामुळे अल्कधर्मी असते, त्यात कायटोसनचे क्षार फाटतात. कायटोसन तांब्यालाही धरून ठेवते, म्हणून ताम्रयुक्त बुरशीनाशकासोबत एकत्र करू नका. ह्युमिक आम्ल आणि समुद्री शेवाळाचा अर्क ऋणभारित असतात. धनभारित कायटोसनसोबत त्यांचे गोळे होतात.

५. ईसी मीटर असेल तर आरओच्या पाण्यात लिटरला १ ग्रॅम पावडर विरघळवून मोजा. तुलनेसाठी, लिटरला १ ग्रॅम साधे मीठ सुमारे २ डेसिसायमन दाखवते. कार्बोक्सिमिथाइल कायटोसनच्या स्वतःच्या सोडियममुळेही थोडी ईसी येतेच. त्यामुळे एकच आकडा पाहून निकाल देऊ नका. एकाच प्रकारच्या दोन ब्रँडची तुलना करा. जिथे ईसी बरीच जास्त, तिथे मीठ जास्त.

६. शेवटी एका ओळीतील चार-पाच वेलींवर फवारा आणि तीन दिवस थांबा. कोवळ्या पानांच्या कडा किंवा टोके जळाली तर ती बॅच वापरू नका, बाटली आणि बिल जपून ठेवा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शिवारफेरीत आणि चर्चासत्रात 'कायटोसन चांगले की वाईट' हा प्रश्न बाजूला ठेवा. कोणत्या प्रकारचे कायटोसन, कोणत्या पाण्यात, कोणत्या अवस्थेत, असा प्रश्न विचारायला शिकवा. गावातील पाच-सहा विहिरींचा सामू आणि बायकार्बोनेट तपासून एक तक्ता ग्रामपंचायतीत लावला, तरी निम्म्या तक्रारी कमी होतील. प्रात्यक्षिक प्लॉट घेताना शेजारी एक ओळ फक्त पाण्याची ठेवा. तुलनेची ओळ नसेल तर पाऊस थांबल्याचे श्रेयही बाटलीला जाते. रोग नियंत्रणासाठी राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, मांजरी यांच्या शिफारस यादीतील औषधे आणि काढणीपूर्व कालावधी हाच आधार ठेवा. कायटोसन त्याला जोड म्हणून, रोग येण्यापूर्वी.

२०१० चा हंगाम निफाडमध्ये अनेकांना आठवत असेल. वाढ रोखण्यासाठी वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे सीसीसीचे, अवशेष युरोपात सापडले आणि कंटेनर अडकले. नुकसान द्राक्ष पिकवणाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले. तेव्हा शिकलेला धडा आजही तोच आहे. बागेत जाणाऱ्या प्रत्येक बाटलीत लेबलवरच्या नावाखेरीज काय आहे, हे माहीत असले पाहिजे. बाजारातील जैवउत्तेजके ३० हजारांवरून काही शेकड्यांवर आली, हे चांगलेच झाले. पण मान्यता यादीतले नाव आणि हातातली बॅच यांत फरक पडू शकतो. कारखान्यात चार तास दिले की दोन, माल धुतला की नाही, हे यादीत लिहिलेले नसते. ते कळण्यासाठी बॅचचा अहवाल मागा आणि फवारणीच्या आदल्या दिवशी आपल्याच विहिरीचे लिटरभर पाणी बाटलीत भरून चाचणी घ्या.